छर्‍याचा वेग मोजायचाय? क्रोनोग्राफ घेण्याआधी रेंजवरची ट्यूबलाइट बघा

गेल्या पावसाळ्यात मुलीच्या एअर रायफलचा वेग मोजायला एकाकडून क्रोनोग्राफ मागून आणला. ठाण्यातल्या एका क्लबची इनडोअर रेंज, दुपारची वेळ, बाहेर धो धो पाऊस. पहिला शॉट सेकंदाला १७१ मीटर. दुसरा १७०. तिसरा ४१२! चौथ्याला आकडाच नाही, नुसती एरर. शेजारच्या लेनवरचे काका मान हलवत म्हणाले, "रेग्युलेटर गेला तुमचा. सर्व्हिसिंगला टाका." रेग्युलेटर म्हणजे प्रत्येक शॉटला सारख्याच दाबाची हवा सोडणारा भाग. मीही टाकायच्याच बेतात होतो. तेवढ्यात वर नजर गेली. क्रोनोग्राफच्या बरोब्बर डोक्यावर दोन ट्यूबलाइट, आणि त्यातली एक फडफडत होती.

दोन्ही बंद केल्या, एक्स्टेन्शन बोर्डवर पिवळा बल्ब लावला. पुढचे दहा शॉट १७० ते १७२ मध्ये. रायफल ठणठणीत होती. माझी तीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात उपकरणांचं कॅलिब्रेशन करण्यात गेलीत, आणि तरी हे सुचायला चार शॉट लागले. घरी अजून त्यावरून टोमणे बसतात.

त्यानंतर क्लबसाठी एक क्रोनोग्राफ निवडायची जबाबदारी साहजिकच माझ्यावर आली. त्या खटाटोपात जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. क्रोनोग्राफवर जे वाचायला मिळतं ते बहुतेक अमेरिकेतल्या हँडलोडिंगवाल्यांसाठी लिहिलेलं असतं. ते लोक काडतुसात दारू स्वतः मोजून भरतात आणि दारूचं प्रमाण बदललं की वेग किती बदलला ते तपासतात. आपल्याकडे काडतूस तयार करायला शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ खाली परवाना लागतो, तेव्हा घरी भरण्याचा विषयच नाही. आपला प्रश्न ४.५ मिलिमीटरच्या शिशाच्या छर्‍याचा. त्यांच्या रायफलची गोळी सेकंदाला ८०० मीटरच्या घरात धावते, आपला छर्रा १७० च्या आसपास. म्हणून त्यांचे सगळे सल्ले जसेच्या तसे उचलू नका. नळीपासून तीन-चार मीटर लांब ठेवा, हा त्यांचा नियम दारूच्या धमाक्यासाठी आहे. हवेच्या बंदुकीला एक मीटर पुरतो.

आधी ठरवा, विचारायचं काय आहे

दुकानात जाण्याआधी वहीत एक वाक्य लिहा: मला वेग कशासाठी कळायला हवा?

"स्कोर वाढावा म्हणून" असं उत्तर असेल तर जरा थांबा, हिशोब करून बघू. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पुढची प्रत्येक रिंग अडीच मिलिमीटर बाहेर. म्हणजे दशांश गुणांच्या भाषेत ०.१ गुण म्हणजे पाव मिलिमीटर. १७० मीटर प्रतिसेकंदाने निघालेला छर्रा दहा मीटर जाईपर्यंत सुमारे १७ मिलिमीटर खाली उतरतो. १६५ ने निघालेला १८ मिलिमीटर. (हवेचा अडथळा इथे सोडून दिलाय, फरक काढायला एवढं पुरे.) म्हणजे वेगात ५ चा फरक पडला तर टार्गेटवर साधारण एक मिलिमीटर, आणि गुणांत ०.४. फायनलमध्ये एवढ्यावर पदक जातं. पण धड चालणार्‍या रायफलीत दहा शॉटमधला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेग यांत दीडएक मीटरचंच अंतर असतं. त्याने जेमतेम एक दशांश हलतो. एअर पिस्तुलाची तर रिंग आठ मिलिमीटरची. तिथे वेग ५ ने हलला तरी दोन दशांशसुद्धा जात नाहीत.

तेव्हा पोरगं नऊच्या आत-बाहेर मारत असेल तर दोष वेगात शोधू नका. ट्रिगर, श्वास, उभं राहणं, सगळं आधी येतं. कोच हेच सांगतात, पण यंत्र विकत घेणं सोपं असतं ना.

माझ्या मते क्रोनोग्राफचा खरा उपयोग वेगळा आहे. बंदूक आज कालच्यासारखीच चालतेय का, हे तो सांगतो. पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) रायफलचा रेग्युलेटर सरकायला लागला, स्प्रिंग-पिस्टन बंदुकीची स्प्रिंग थकली, सील गळायला लागलं, तर टार्गेटवर दिसायच्या बर्‍याच आधी आकड्यांत दिसतं. यासाठी वेग जगात सर्वांत अचूक कळायची गरज नाही. यंत्राने आज आणि सहा महिन्यांनी सारख्या वेगाला सारखाच आकडा दाखवला की झालं. यंत्र सगळेच आकडे एक टक्क्याने कमी दाखवत असेल तरी चालेल, पण दर वेळी तेवढंच कमी दाखवायला हवं. कॅलिब्रेशनवाले ज्याला रिपिटेबिलिटी म्हणतात ती हीच.

अपवाद एकच, कायद्याचा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे हवेच्या बंदुकीची ऊर्जा २० ज्यूलच्या वर असेल किंवा बोअर (नळीचा आतला व्यास) ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठं असेल तर परवाना लागतो. ऊर्जा काढायची ती अशी: छर्‍याचं वजन किलोत, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ०.५३ ग्रॅमचा छर्रा १७० ने गेला तर साडेसात ज्यूलच्या थोडी वर. मॅच म्हणजे स्पर्धेच्या रायफली या सीमेच्या खूप आत असतात. घोळ होतो तो जाहिरातीत "१००० फूट" लिहिलेल्या बंदुकींचा. १००० फूट म्हणजे ३०४.८ मीटर. ०.३५ ग्रॅमच्या हलक्या छर्‍याने हा वेग मोजला असेल तर १६ ज्यूल. पण ०.५३ ग्रॅमच्या छर्‍याने खरंच तेवढा वेग मिळाला तर साडेचोवीस! छर्‍याचं वजन न सांगता नुसता वेग सांगणारी जाहिरात म्हणजे लांबी सांगून पन्हा न सांगणारा कापडवाला. बंदूक सीमेच्या जवळची असेल तर निदान दोन-तीन वजनांच्या छर्‍यांनी मोजा, आणि तिथे मात्र यंत्राचा आकडा खरा असण्यालाही महत्त्व द्या.

मग जागा बघा

बहुतेक लोक यंत्राची तुलना करत बसतात. मी म्हणेन, ज्या लेनवर मोजणार तिथे एकदा रिकाम्या हाताने जाऊन उभे राहा.

डोक्यावर दिवा कोणता? आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात. स्वस्त एलईडी बॅटनचंही तेच. डोळ्याला कळत नाही, पण उघड्या सेन्सरला प्रत्येक मंदावणं छर्‍याच्या सावलीसारखं वाटू शकतं. मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरून बघा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर उघड्या सेन्सरच्या यंत्राला तिथे त्रास होणार हे धरून चाला.

शेजारच्या लेनवर कोणी मारत असतं का? दोन्ही बाजूंना मुलं असतील तर रडारच्या यंत्राला सांभाळून घ्यावं लागतं. तुमच्या नळीपुढे दीड मीटर मोकळी जागा आहे का, की टेबल संपलं की लगेच कठडा? स्टँड कुठे उभा राहील? आणि उघड्या मैदानावर मोजायचं म्हणत असाल तर जून ते सप्टेंबर विसरा. ढग सरकले की उजेड बदलतो, उजेड बदलला की जुन्या पद्धतीचे सेन्सर बिथरतात.

घरी? ठाण्यातल्या फ्लॅटच्या पॅसेजमध्ये किंवा गच्चीवर मोजायचा मोह होतो, मला माहीत आहे. करू नका. भिंतीवरून उडालेला छर्रा शेजार्‍याच्या खिडकीपर्यंत जातो, आणि पुढची सोसायटीची मीटिंग तुमच्याच नावाने गाजते. रेंजवर, छर्रे अडवणार्‍या पक्क्या पेलेट ट्रॅपसमोर, डोळ्यांवर चष्मा लावून. एवढं पाळलं की बाकी सोपं.

यंत्रांचे प्रकार

सगळ्यात जुनी आणि स्वस्त जात म्हणजे छत्र्यांची. दोन सेन्सर, त्यांवर पांढर्‍या पट्ट्या, मधलं अंतर ठरलेलं. छर्‍याची सावली पहिल्यावर पडली की घड्याळ सुरू, दुसर्‍यावर पडली की बंद. अंतर भागिले वेळ. सेन्सरमध्ये ३० सेंटिमीटर असतील तर १७० चा छर्रा ते पावणेदोन मिलिसेकंदांत पार करतो. मुलाला भौतिकशास्त्र शिकवायला झकास, इनडोअर रेंजला मात्र वैताग. घ्यायचंच असेल तर ज्याला स्वतःचे इन्फ्रारेड दिवे जोडता येतात असंच मॉडेल घ्या. आणि छर्रा सेन्सरच्या अगदी जवळून जायला लागतो, म्हणून कधी ना कधी छर्रा यंत्रालाच बसतो. ज्याच्याकडे छत्रीवाला क्रोनोग्राफ आहे आणि त्याला एकही भोक नाही, त्याने तो वापरलेला नाही.

दुसरी जात बोगद्यांची. छोटा डबा, मधून बोगदा, आत स्वतःचा इन्फ्रारेड प्रकाश. छर्रा बोगद्यातून गेला की आकडा. काही थेट नळीच्या तोंडाला बसतात, काही स्टँडवर. बाहेरच्या ट्यूबलाइटचा उपद्रव जवळजवळ नाही, शेजारच्या लेनचा तर नाहीच. काही हजार रुपयांत मिळतात. दोष असा की आतलं अंतर फार कमी असतं. सेन्सरमधलं अंतर ६० मिलिमीटर असेल आणि कारखान्यात ते अर्ध्या मिलिमीटरने चुकलं, तर सगळे आकडे ०.८ टक्क्याने चुकणार. १७० वर ते १.४ होतं. पण चूक दर वेळी तेवढीच! वर म्हटलं ते आठवा. रोजची तब्येत बघायला हा दोष अजिबात आड येत नाही.

तिसरी जात रडारची. डॉप्लर तत्त्वावर, म्हणजे छर्‍यावरून परतलेल्या लहरींतल्या बदलावरून वेग काढत चालतात, रिक्षावाल्याला पकडणार्‍या स्पीडगनचीच भावंडं. बाजूला टेबलावर ठेवायची, नळीच्या दिशेने तोंड करायचं, संपलं. छर्रा लागायची भीती नाही, दिव्याची पंचाईत नाही. लॅबरडार या जातीतलं जुनं नाव. पण हवेच्या बंदुकीचा आवाज हलका, म्हणून त्याला शॉट सुटल्याचं कळवायला वेगळा ट्रिगर जोडावा लागतो. एफएक्स कंपनीचं खिशातलं रडार नळीखाली बसतं आणि फोनशी ब्लूटूथने बोलतं. २०२३ मध्ये आलेला गार्मिन झीरो सी१ प्रो सेकंदाला १०० ते ५००० फूट, म्हणजे साधारण ३० ते १५०० मीटरपर्यंतचे वेग मोजतो. हाताच्या पंजात मावतो. अमेरिकेत तो सुमारे ६०० डॉलरला बाजारात आला. इथे हातात पडेपर्यंत किंमत कुठे जाते ते ज्याने मागवलंय त्यालाच विचारा. परदेशातून नातेवाइकाकरवी आणणार असाल तर वॉरंटी तिकडेच राहते, हेही लक्षात ठेवा.

नळीला संगिनीसारखं बांधायचं चुंबकीय यंत्रही असतं. ते मुख्यतः मोठ्या रायफलींसाठी. शिशाच्या छर्‍यासाठी त्याच्या वाटेला जाऊ नका.

आम्ही काय घेतलं? बोगदा. एका मुलामागे एक रडार घ्यायची आमच्या क्लबची ऐपत नाही, आणि पंधरा रायफलींची तब्येत बघायला गरजही नाही. एखादा मैदानातही मारत असेल, वेगवेगळ्या बंदुका हाताळत असेल आणि पैशाची चणचण नसेल, तर त्याला मी डोळे झाकून रडार सांगेन. छत्र्या मी कोणालाच सांगत नाही आता.

पैसे खर्च करण्याआधी फोनने मोजून बघा

ही युक्ती फार थोडे लोक करतात. फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करणारं आणि त्याची लहर दाखवणारं कोणतंही अॅप घ्या. फोन नळीच्या तोंडाजवळ ठेवा. बरोब्बर दहा मीटरवर, ट्रॅपच्या आत, पत्र्याचा तुकडा टांगा. शॉट मारा. लहरीत दोन टोकं दिसतील: एक शॉटचं, एक पत्र्याचं. दोन्हींमधला वेळ मोजा.

एकदा आम्हाला ८९.६ मिलिसेकंद मिळाले. यात छर्‍याचा जाण्याचा वेळ आहे, तसाच पत्र्याचा आवाज परत फोनपर्यंत येण्याचाही. आपल्याकडच्या ३० अंशांत आवाज सेकंदाला साधारण ३४९.५ मीटर जातो, म्हणजे दहा मीटरला २८.६ मिलिसेकंद. वजा केले, उरले ६१. दहा मीटर भागिले ०.०६१, म्हणजे १६४. हा सरासरी वेग. हवेमुळे छर्रा मीटरामागे साधारण एक मीटर प्रतिसेकंदाने मंदावतो, म्हणून नळीच्या तोंडाशी तो १६९-१७० धरायचा.

इथे तापमानाची गंमत बघा. पुस्तकातला ३४३ हा आकडा २० अंशांचा. मे महिन्याच्या ठाण्यात तो वापरलात तर उत्तर दीड मीटरने फसतं. रेंजवर पन्नास रुपयांचा थर्मामीटर टांगा.

वेग मोजायची धडपड तशी जुनी. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रजाने १७४२ मध्ये टांगलेल्या जड लंबकावर गोळी मारून, लंबक किती झुलला त्यावरून वेग काढला. हाच गृहस्थ पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत इकडे आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. आपला पत्र्याचा तुकडा त्या लंबकाचाच गरीब नातेवाईक.

विकत घेताना हे करून बघा

विकणार्‍याला सांगा, रेंजवर आणून दाखव. दाखवणार नसेल तर परत करायची मुदत लेखी घ्या. मग एकाच डब्यातल्या छर्‍यांनी वीस शॉट मारा. वीसपैकी एकही शॉट सुटला, म्हणजे आकडाच आला नाही किंवा वेडावाकडा आला, तर का ते शोधा. कारण सापडलं नाही तर यंत्र परत.

दुसरा क्रोनोग्राफ मिळत असेल तर दोन्ही एकापुढे एक ठेवून दहा शॉट, मग जागा बदलून दहा. जागा बदलायची कारण पुढच्या यंत्राला मंदावलेलाच छर्रा मिळतो. दोन्ही वेळच्या फरकांची सरासरी काढली की कोण किती वर-खाली दाखवतंय ते कळतं.

यंत्र तिरकं बसलंय का तेही बघा. पाच अंश तिरकं असेल तर आकडा ०.४ टक्क्याने, म्हणजे १७० वर सुमारे ०.७ ने कमी येतो. एवढ्याने आकाश कोसळत नाही. पण आज पाच अंश आणि पुढच्या महिन्यात सरळ, असं झालं तर रायफल "सुधारली" असं उगाच वाटेल. आम्ही टेबलावर रंगाने स्टँडच्या पायांच्या खुणाच करून ठेवल्यात.

पडद्यावरचा आकडा उन्हात वाचता येतो का, नोंदी साठवतो का, सेल बाजारात मिळणारा आहे का, हे बघायला दोन मिनिटं लागतात. बघा.

मोजायचं कसं

सिलिंडर आत्ताच भरून आणला असेल तर तो गरम असतो. वीसेक मिनिटं निवू द्या. पहिले दोन शॉट धरू नका. मग दहा, शक्यतो वीस. प्रत्येक आकडा वहीत, शेजारी तापमान, सिलिंडरचा दाब आणि छर्‍याच्या डब्यावरचा बॅच नंबर.

मुलीच्या रायफलचे एका रविवारचे दहा: १७१.२, १७०.६, १७१.८, १७०.९, १७१.४, १७०.३, १७१.०, १७१.५, १७०.७, १७१.१. सरासरी १७१.०५, कमाल-किमान अंतर १.५, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ०.४५. छान रायफल. पण दहाच शॉट असतील तर या ०.४५ ला फार भुलू नका. दहा शॉटच्या विचलनावरून खरं विचलन त्याच्या ०.७ पट ते १.८ पट यांत कुठेही असू शकतं. पाच शॉट घेतले तर जवळजवळ तिप्पटसुद्धा. "माझ्या रायफलचं विचलन तुझ्यापेक्षा कमी" म्हणून पाच शॉटवर भांडणारी पोरं आणि त्यांचे बाप मी पाहिलेत. सरासरी मात्र दहा शॉटमध्ये बर्‍यापैकी पक्की बसते.

रेग्युलेटर तपासायची रीत वेगळी. दहा शॉट मारा, पंधरा मिनिटं रायफल तशीच ठेवा, मग पुन्हा मारा. थांबल्यानंतरच्या पहिल्याच शॉटचा वेग तीन-चार मीटरने उसळला आणि पुढचे दोन-तीन शॉट खाली येत स्थिरावले, तर रेग्युलेटर हळूहळू दाब वाढू देतोय. हीच परीक्षा दुसर्‍या दिवशी पुन्हा घ्या. दोन्ही दिवस तेच दिसलं तर वहीचं ते पान घेऊन दुरुस्तीवाल्याकडे जा. "काहीतरी बिघडलंय हो" म्हणण्यापेक्षा पान दाखवलं की तोही नीट ऐकतो. स्वतः रेग्युलेटर उघडून दाब वाढवायच्या फंदात पडू नका. सिलिंडरमध्ये २०० बार दाब असतो.

राहता राहिली निगा. शिशाची धूळ सेन्सरवर बसते, महिन्यातून एकदा कापसाच्या काडीने हलकेच पुसा आणि नंतर हात साबणाने धुवा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. आणि मोजून झालं की सेल काढून ठेवा. आमच्या मागून आणलेल्या त्या पहिल्या यंत्रात नऊ व्होल्टचा सेल गळून हिरवट बुरशी धरली होती. परत करताना मालकालाच विचारलं, तर म्हणाले, "असू दे हो, गेल्या वर्षीपासूनच आहे ती."